त्र्यंबकचा वाघ आणि देहाची स्मृती : निवृत्तिनाथ-आख्यान व देहकेंद्री आघातोपचार यांचा चिकित्सक विचार

बीजसंज्ञा : निवृत्तिनाथ, त्र्यंबकेश्वर, नाथपंथ, ज्ञानेश्वरी, मनोआघात, देहकेंद्री उपचार

दोन वाघ

निवृत्तिनाथांच्या चरित्रातील वाघाचा प्रसंग कीर्तनपरंपरेमुळे महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. संन्यास घेऊन पुन्हा गृहस्थाश्रमात आलेल्या विठ्ठलपंतांना आळंदीच्या ब्रह्मवृंदाने वाळीत टाकले. मुलांच्या मुंजी होईनात. तेव्हा पत्नी रुक्मिणीबाई आणि चारही मुले यांच्यासह ते त्र्यंबकेश्वरी अनुष्ठानासाठी येऊन राहिले. कुशावर्तावर मध्यरात्री स्नान करावे आणि ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करावी असा त्यांचा नेम होता. एका रात्री प्रदक्षिणेच्या वाटेवर वाघ समोर आला, कुटुंबाची पांगापांग झाली आणि पळता पळता चुकलेला थोरला निवृत्ती एका गुंफेत शिरला. ही गुंफा कोणी ब्रह्मगिरीवर सांगतात, तर कोणी अंजनी पर्वतावर. आत गहिनीनाथ होते. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी अशी आलेली नाथपरंपरा त्या रात्रीपासून या मुलाकडे आली आणि त्याच्याकडून ज्ञानदेवांकडे गेली. मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची एक वाट अशा रीतीने एका घाबरलेल्या मुलाच्या धावण्यातून फुटते, असे या आख्यानाचे म्हणणे आहे.

अमेरिकन मानसोपचारक पीटर लेव्हिन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘वेकिंग द टायगर’ या ग्रंथाच्या नावातच वाघ आहे आणि त्याच्या मुळाशीही एक प्रसंग आहे. १९६९ मध्ये भीतीच्या झटक्यांनी ग्रासलेली एक तरुणी त्यांच्याकडे उपचारासाठी आली होती. शरीर शिथिल करण्याचा प्रयोग चालू असतानाच तिला तीव्र झटका आला. त्या क्षणी लेव्हिन यांच्या मनश्चक्षूंपुढे झेप घेणारा वाघ उभा राहिला आणि वाघ मागे लागला आहे, झाडाकडे धाव, त्यावर चढ, असे ते तिला सांगून बसले. तिचे पाय बसल्या जागी धावल्यासारखे हलू लागले, शरीराला कंप सुटला आणि बऱ्याच वेळाने ती शांत झाली. लहानपणी टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेच्या वेळी तिला बळजबरीने धरून ठेवून भूल दिली होती. तेव्हा पळू न शकलेल्या देहाने ते पळणे आता पूर्ण केले, असा अर्थ लेव्हिन यांनी लावला. पुढे ‘सोमॅटिक एक्सपिरिअन्सिंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपचारपद्धतीचा हा आरंभबिंदू होय.

दोन्ही कथांत वाघ आहे, पळणे आहे आणि वरवर पाहता दोन्हींचा शेवट सुटकेत आहे. हे साम्य मोहात पाडणारे आहे. आजच्या चर्चासत्रांत वाचल्या जाणाऱ्या निबंधांची एक ठरावीक धाटणी अशा साम्यांवरच पोसलेली दिसते : पाश्चात्त्यांनी जे आता शोधले ते आपल्याकडे आधीच होते, असा निष्कर्ष काढून निबंध संपतो. प्रस्तुत लेखाचा रोख याच्या विरुद्ध दिशेला आहे. निवृत्तिनाथांचे आख्यान देहकेंद्री उपचाराचा पूर्वपुरावा म्हणून वाचले, तर आख्यानातील सर्वांत महत्त्वाचा भाग गळून पडतो. उलट त्या उपचाराच्या काही गृहीतकांची परीक्षा घेणारी संहिता म्हणून ते वाचले, तर दोन्हींवर अधिक प्रकाश पडतो.

येथे एक आक्षेप संभवतो. ‘मनोआघात’ ही संकल्पना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकाराला आली. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या प्रश्नामुळे ‘आघातोत्तर ताणविकृती’ हे निदान १९८० मध्ये अमेरिकेच्या अधिकृत रोगवर्गीकरणात आले. ती तेराव्या शतकावर लादणे कालविपर्यास ठरणार नाही काय? निदान म्हणून ती लादली तर ठरेल. मात्र येथे विचार ऐतिहासिक व्यक्तीच्या मनाचा केलेला नाही. लोकमानसाने आणि संतचरित्रकारांनी रचलेल्या आख्यानात दुःख, देह आणि उपाय यांची जी मांडणी आहे, तिचा केला आहे. आख्यानाला नाडी तपासून घेण्याची गरज नसते. त्याला स्वतःची संगती असते.

पुराव्याचा प्रश्न

देहकेंद्री उपचारांचे मूळ प्रतिपादन थोडक्यात असे : संकटाच्या वेळी प्राणी झुंजतो किंवा पळतो. दोन्ही अशक्य झाले तर तो गोठतो. धोका टळल्यावर वन्य प्राणी थरथरून, हालचाल करून पूर्ववत होतात. माणूस मात्र लाजेमुळे, विचारामुळे किंवा बंधनामुळे ही क्रिया अर्धवट सोडतो आणि संकट संपले तरी त्याची स्वायत्त चेतासंस्था संकटातच राहते. म्हणून नुसते बोलून, आठवून किंवा समजून घेऊन भागत नाही. श्वास, स्नायू, संवेदना यांच्या मार्गाने देहाला ‘आता धोका नाही’ हे कळावे लागते. बेसेल व्हॅन डर कोल्क यांनी १९९४ च्या एका शोधनिबंधात आणि पुढे २०१४ मध्ये त्याच शीर्षकाच्या ‘द बॉडी कीप्स द स्कोअर’ या ग्रंथात ही भूमिका जगभर पोहोचवली. देह हिशेब ठेवतो, हे ते शीर्षक. मराठीत ‘अंगावर काटा येणे’, ‘पोटात गोळा येणे’, ‘पायांखालची जमीन सरकणे’ असे म्हणणाऱ्यांना त्यात फारसे नवल वाटू नये.

योगाचा संबंध येथेच येतो. व्हॅन डर कोल्क आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इतर उपचारांना दाद न देणाऱ्या, दीर्घकाळ ताणविकृतीने त्रस्त अशा ६४ स्त्रियांचे दोन गट केले होते. एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून एक तास योगाभ्यास केला. दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ स्त्रियांच्या आरोग्याविषयी शिक्षण दिले. अखेरीस योगगटातील ३१ पैकी १६ स्त्रिया निदानाच्या निकषांतून बाहेर आल्या होत्या. दुसऱ्या गटातील २९ पैकी ६. फरक लक्षणीय आहे. तितकीच लक्षणीय गोष्ट म्हणजे संख्या लहान आहे आणि योगगटातीलही जवळजवळ निम्म्या स्त्रिया निदानातच राहिल्या. लेव्हिन यांच्या पद्धतीची यादृच्छिक चाचणी २०१७ मध्ये इस्रायलमधून प्रसिद्ध झाली. तिचाही निष्कर्ष अनुकूल असला, तरी तीत सहभागी झालेल्यांची संख्या ६३ होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत आघातकेंद्री बोधात्मक-वर्तन उपचार आणि ‘ईएमडीआर’ यांना स्थान दिले होते. देहकेंद्री पद्धतींना त्या पंक्तीत बसवले नव्हते. या पद्धतींच्या पाठीशी उभा केला जाणारा स्टीफन पोर्जेस यांचा व्हेगस मज्जातंतूविषयीचा सिद्धांतही शरीरशास्त्रज्ञांमध्ये वादग्रस्त आहे. तात्पर्य, हा मार्ग आशादायक आहे. सिद्ध झालेला राजमार्ग म्हणून त्याचा डांगोरा पिटावा अशी स्थिती नाही.

त्र्यंबकच्या परिसरात हा प्रश्न केवळ ग्रंथांतला नाही. विश्वास मंडलिक यांनी १९७८ मध्ये नाशिक येथे सुरू केलेल्या योग विद्या धामचे गुरुकुल याच भागात आहे आणि देशविदेशांतील साधक तेथे योग शिकण्यास येतात. २०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून महाविद्यालयांतून साजरा होतो. त्यानिमित्ताने होणाऱ्या व्याख्यानांत ‘योगाने मनाच्या जखमा भरतात’ हे विधान इतक्या सहजतेने केले जाते, की कोणता योग, कोणाची जखम आणि भरणे म्हणजे काय, हे तिन्ही प्रश्न मागे राहतात. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली, ती अशा सैलपणाला उत्तर म्हणूनच. शंभर वर्षांनंतरही व्यासपीठावरचा सैलपणा कमी झालेला नाही.

पंथराजाची दिशा

कोणता योग, या प्रश्नापासून सुरुवात करणे इष्ट. निवृत्तिनाथांना गुंफेत जे मिळाले त्याचे सर्वांत विस्तृत मराठी रूप ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आहे. शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये नेवासे येथे पूर्ण झालेल्या या ग्रंथात ज्ञानदेवांनी गीतेतील ध्यानयोगाच्या मोजक्या श्लोकांवर नाथपंथीय कुंडलिनीयोगाचे भाष्य रचले आणि त्याला ‘पंथराज’ म्हटले. आसन कसे असावे, मूळबंध, जालंधरबंध आणि उड्डियानबंध कसे पडतात, कुंडलिनी कशी जागी होते, ती देहातील मांस व रस कशी ग्रासते, जुना देह कसा आटतो आणि नवी कांती कशी उजळते, याचे इतके इंद्रियगोचर वर्णन मराठीत क्वचितच झाले असेल. देह हा येथे विचाराचा विषय राहत नाही. घटना देहातच घडतात.

हे वर्णन पुढे कोठे जाते, हे मात्र पाहिले पाहिजे. कुंडलिनी वायूत, वायू आकाशात, आकाश शून्यात अशी ही चढण आहे. देह देहातच विरून जावा, हा नाथांचा संकेत त्यात आहे. म्हणजे साधक देहाच्या द्वारे देहापलीकडे निघाला आहे. देहकेंद्री उपचाराची दिशा याच्या नेमकी उलट आहे. आघात झालेली व्यक्ती बहुधा आपल्याच देहातून हद्दपार झालेली असते : हातपाय आपले वाटत नाहीत, भूक कळत नाही, आरशातला चेहरा परका वाटतो. तिला पुन्हा देहात राहता यावे, हा उपचाराचा हेतू. शून्यात विलीन होण्याचे वर्णन अशा व्यक्तीपुढे ठेवले, तर तिला ते आपल्या व्याधीचेच वर्णन वाटण्याचा संभव आहे. एकाचे साध्य ते दुसऱ्याचे लक्षण, इतका हा भेद मूलगामी आहे.

म्हणूनच अमेरिकेत डेव्हिड इमर्सन आदींनी आघातग्रस्तांसाठी योगवर्ग रचले, तेव्हा त्यांना हठयोगातील बरेच काही बाजूला ठेवावे लागले. दीर्घ कुंभक नको, शिक्षकाने हात लावून आसन सुधारणे नको, आज्ञार्थी बोलणे नको. प्रत्येक हालचाल करावी की न करावी हे शिकणाऱ्याने ठरवावे, असा त्यांचा दंडक. ज्या स्त्रीच्या देहावर दुसऱ्याची इच्छा लादली गेली होती, तिला देहाविषयीचा निर्णय परत मिळणे हाच तेथे उपचाराचा गाभा आहे. गुरूपुढे इच्छा ठेवणारी नाथपरंपरा आणि इच्छा परत देणारा हा वर्ग, या दोहोंना ‘योग’ हा एकच शब्द लावताना अभ्यासकाने थांबायला हवे. शब्द एक असला तरी करार वेगळा आहे.

ज्ञानदेवांनाही पंथराजाची मर्यादा ठाऊक होती, हे विसरता येत नाही. मन आवरत नाही, अशी अर्जुनाची तक्रार त्याच अध्यायात आहे. बाराव्या अध्यायात अव्यक्ताच्या उपासकांचे कष्ट सांगून भक्तीची सोपी वाट पुढे केली आहे. आणि ग्रंथाच्या अखेरीस गुरुपरंपरा सांगताना, कलियुगात पीडलेल्या जीवांचे दुःख दूर करण्याची आज्ञा गहिनीनाथांनी निवृत्तीला केली, असे नोंदवले आहे. हा धागा महत्त्वाचा आहे. गुंफेत मिळालेले धन स्वतःच्या भयमुक्तीसाठी वापरून संपवायचे नव्हते. मिळालेल्याने ते वाटायचे होते आणि वाटण्याचे माध्यम देहक्रिया न राहता भाषा झाली.

आघाताचे स्थान

आता वाघाकडे परत येणे आवश्यक आहे. लेव्हिन यांच्या तर्काने पाहिले तर निवृत्तीला वाघापासून आघात झालाच नाही. तो गोठला नाही. तो पळाला, सुरक्षित जागी पोहोचला आणि सुखरूप परतला. पळण्याची क्रिया पूर्ण झाली. आख्यानही वाघाकडे पुन्हा वळून पाहत नाही. त्या रात्रीची भीती निवृत्तीला नंतर कधी छळते, असे कोठेही सांगितलेले नाही.

आख्यानातील खरी जखम वाघाच्या आधीची आणि नंतरची आहे. ती आळंदीच्या धर्मसभेत झाली. संन्याशाची मुले म्हणून या चौघांचे देहच निषिद्ध ठरले : त्यांना मुंज नाही, पंगत नाही, भिक्षेला दार उघडत नाही. पुढे विठ्ठलपंतांनी उपाय विचारला, तेव्हा देहान्त प्रायश्चित्त सांगितले गेले आणि मुले शुद्ध व्हावीत म्हणून आईवडिलांनी प्रयागी जलसमाधी घेतली, अशी कथा आहे. वाघाला चुकवता येते, कारण तो जंगलात असतो. हा निवाडा गावात होता, शेजारी होता, पोथीत होता. त्याच्यापुढे झुंज किंवा पळ यांचा काही उपयोग नव्हता. आई-वडिलांच्या मृत्यूनंतरही मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावे लागलेच.

देहकेंद्री उपचाराच्या साहित्यातील उणीव येथे स्पष्ट होते. त्याचे मूळ दृष्टान्त अपघात, शस्त्रक्रिया, युद्ध, हल्ला असे आहेत : एक घटना, तिचा आरंभ, तिचा शेवट. ‘आता धोका टळला आहे’ हे देहाला शिकवायचे, तर धोका खरोखर टळलेला असावा लागतो. जेथे अवहेलना रोजची आहे तेथे सावध राहणारा देह बिघडलेला नसतो. तो वस्तुस्थिती बरोबर ओळखत असतो. मराठीत याची सर्वांत सखोल साक्ष दलित आत्मकथनांनी दिली आहे. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) आईचे बांबूच्या टोपल्या विणणे आणि लेखिकेचे लिहिणे यांची वीण वेदनेच्या एकाच धाग्याने जोडलेली आहे. हातांची ती अखंड लय दुःख सुसह्य करीत असेलही; पण त्या लयीने जात नाहीशी होत नाही आणि लेखिका तसा दावा करीत नाही.

विठ्ठलपंतांच्या अनुष्ठानाकडेही याच दृष्टीने पाहावे लागते. मध्यरात्रीचे थंड पाणी, डोंगराभोवतीची पायपीट, नेम, लय, कुटुंबाने एकत्र चालणे : आज एखाद्या शिबिराच्या पत्रकात शोभावी अशी ही सामग्री आहे. वाळीत पडलेल्या माणसाने आपल्या दुःखावर शोधलेला तो देहाचाच उपाय होता. तरीही त्याच प्रदक्षिणेच्या वाटेवर मुलाला गुरू मिळाला आणि बापाला काही मिळाले नाही. आख्यान हे लपवीत नाही. देहसाधना विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई यांना वाचवू शकली नाही, कारण त्यांना मारणारी गोष्ट त्यांच्या देहात नव्हती. या प्रसंगावर निवृत्तिनाथांचे अभ्यासक सहसा रेंगाळत नाहीत. वाघ आणि गुंफा अधिक रम्य आहेत.

ब्रह्मगिरीची फेरी आजही होते. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी हजारो माणसे सुमारे वीस किलोमीटरची ही वाट पावसात, चिखलात, अनवाणी चालतात. सामूहिक लयबद्ध हालचालीने माणसे परस्परांशी पुन्हा जोडली जातात, असे व्हॅन डर कोल्क नाटक, समूहगान यांच्या संदर्भात सांगतात आणि फेरी पाहणाऱ्याला ते पटण्याजोगे आहे. मात्र फेरीला येणारा माणूस लक्षण घेऊन येत नाही, नवस घेऊन येतो. फेरीला उपचार म्हणणे हे फेरीचे गौरवीकरण नसून संकोच आहे.

त्र्यंबकेश्वरी दुसरीही एक देहकेंद्री रीत आहे आणि ती आघाताच्या अधिक जवळची आहे. अपघात, आत्महत्या, पाण्यात बुडणे अशा दुर्मरणाने गेलेल्यांसाठी येथे नारायणबली केला जातो. नागबलीसह हा विधी तीन दिवस चालतो. त्यात गव्हाच्या पिठाची मनुष्याकृती करून तिच्यावर अंत्यसंस्कार करतात आणि कर्ता सुतक पाळतो. ज्याचा मृत्यू नीट पाहता आला नाही, ज्याला नीट निरोप देता आला नाही, त्याला पिठाचा का होईना देह दिला जातो आणि जिवंत माणसाच्या हातांना अखेर काहीतरी करता येते. शोक अडकून पडण्याविषयीचे इतके नेमके आकलन विधीच्या रूपात दिसावे, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे. अर्थात त्याच विधीभोवती दोषाचे भय उभे केले जाते. लग्न जमत नाही, धंदा चालत नाही, मूल होत नाही, अशा प्रत्येक अडचणीवर तोच उपाय पत्रिका पाहून सांगितला जातो. शोकाला वाट देणारी क्रिया भय पिकवू लागली की तिचा उपचारधर्म संपतो; विवेकवादी टीकाकारांचा आक्षेप येथे पूर्णतः ग्राह्य आहे. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई यांचे देह मुलांना मिळाले नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्र्यंबकच्या या पीठदेहाचा अर्थ अधिक गडद होतो.

ताटीबाहेरची मुक्ताबाई

आईवडिलांनंतरच्या काळातील दोन कथा देह आणि दुःख यांच्या संदर्भात विशेष बोलक्या आहेत. पहिली मांड्यांची. विसोबाने कुंभारांना ताकीद दिल्यामुळे मुक्ताबाईला मांडे भाजायला खापर मिळाले नाही, ती रडत घरी आली, तेव्हा ज्ञानदेवांनी जठराग्नी चेतवून आपली पाठ तापवली आणि बहिणीने त्यावर मांडे भाजले. चमत्कार म्हणून ही कथा सांगितली जाते. पण योगसामर्थ्य येथे कशासाठी वापरले आहे, ते पाहण्याजोगे आहे. पंथराजाचा सगळा अग्नी एका लहान मुलीच्या अपमानाची भरपाई करण्यासाठी खर्च झाला. गावाने नाकारलेले खापर भावाच्या देहाने दिले.

दुसरी कथा ताटीची. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले. पाठ तापवणारा हाच योगी शब्दाने जखमी झाला आणि त्याने स्वतःला कोंडून घेतले. आजच्या परिभाषेत याला गोठणे किंवा माघार म्हणता येईल. मुक्ताबाईच्या ‘ताटीच्या अभंगां’ची रचना या दृष्टीने वाचली तर एक गोष्ट नजरेत भरते : ती ताटी मोडत नाही. ती बाहेर उभी राहते, बोलत राहते, भावाला तो कोण आहे याची आठवण देते, संताचे लक्षण सांगते, लाडीगोडी करते, रागावतेही. ताटी उघडण्याचे काम मात्र आतल्याचेच ठेवते. इमर्सन यांच्या वर्गातील निर्णयस्वातंत्र्याचे तत्त्व येथे आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु फरकही तितकाच ठळक आहे. मुक्ताबाईजवळ उपचारकाची तटस्थता नाही. त्याच अपमानाची ती समान धनी आहे. जिला स्वतःलाच दार बंद करून बसण्याचा अधिकार होता, ती बाहेर उभी आहे. शिवाय तिचे साधन केवळ शब्द आहेत. देहकेंद्री उपचारांचा शब्दांवरचा अविश्वास, म्हणजे आघात झालेल्याला बोलून काही होत नाही ही भूमिका, या अभंगांपुढे थोडी सौम्य करावी लागते. कोणाचे शब्द, कोठे उभे राहून उच्चारलेले आणि किती वेळ, यावर बरेच काही अवलंबून असते.

मागे उरलेला

या सर्व कथांत निवृत्तिनाथ बहुधा शांत आहेत. ते गुरू आहेत; रडण्याचा, रुसण्याचा, पाठ तापवण्याचा अधिकार धाकट्यांना आहे. त्यांच्या नावावरील अभंग मुख्यतः गोकुळातला कृष्ण, अद्वैताचा आनंद आणि गहिनीनाथांची कृपा यांविषयी आहेत. आईवडिलांच्या मृत्यूची जखम त्यांत उघडी होत नाही. आघाताचा अभ्यासक या मौनाला चटकन लक्षण ठरवील. व्हॅन डर कोल्क यांनी अतिभयाच्या क्षणी वाचा बंद पडण्याचा संबंध मेंदूतील भाषाकेंद्राशी जोडला आहे आणि त्याचा दाखला देणे सोपे आहे. तथापि संतकवितेत आत्मचरित्र न लिहिणे ही वाङ्मयीन रीत होती. तिला व्याधी म्हणणे ही समीक्षा नव्हे.

हे मौन फुटते ते दुसऱ्याच्या वाणीत. नामदेवांच्या नावावरील समाधीप्रकरणात, शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदी येथे ज्ञानदेवांनी समाधी घेतली तेव्हा निवृत्तिनाथ कोसळतात. फुटलेल्या तळ्याच्या पाण्यासारखी त्यांची अवस्था झाल्याचे वर्णन आहे आणि मातापित्यांच्या वियोगाची आठवण त्यांच्या तोंडी येते, तीही हे दुःख त्याहून मोठे आहे हे सांगण्यासाठी. इतकी वर्षे न उच्चारलेला पहिला वियोग दुसऱ्या वियोगाच्या मापाने बाहेर पडतो. मानसोपचाराचा कोणताही जाणकार येथे मान डोलावील. आख्यानाचे वेगळेपण पुढे आहे. गुंफेत दीक्षा घेतलेला, कुंडलिनीची विद्या शिष्याला देणारा हा सिद्ध शोकाने ढासळतो आणि नामदेव त्यात साधनेचे अपयश पाहत नाहीत. त्याला सावरण्याची घाई कोणी करीत नाही. जमलेले संतही रडत आहेत.

उपचाराच्या परिभाषेत ‘बरे होणे’ म्हणजे निदानाच्या निकषांतून बाहेर येणे. ३१ पैकी १६ ही संख्या त्याच अर्थाची आहे. उपचाराला मोजमाप लागते आणि ते त्याने घ्यावे. पण ज्या आख्यानाच्या आधारे योगाला आघातावरचा रामबाण ठरवले जाते, त्याच आख्यानाला निर्विकार निवृत्तिनाथ नको आहे. त्याची साधना त्याला दुःखापासून वाचवीत नाही. दुःखात असतानाही हात सोडत नाही, इतकेच ती करते.

पुढचे काही महिने परंपरा भराभर सांगून टाकते. त्याच वर्षी मार्गशीर्षात सासवडला सोपानदेवांची समाधी. नंतरच्या वैशाखात तापीच्या परिसरात वीज कडाडली आणि मुक्ताबाई दिसेनाशी झाली. तिचाही देह मागे राहिला नाही. एका वर्षाच्या आत तिन्ही धाकटी भावंडे गेलेला हा माणूस आळंदीला राहिला नाही, पंढरपूरलाही नाही. तो त्र्यंबकला परत आला, जेथे सहाही जण मध्यरात्री एकत्र चालत होते त्या डोंगराच्या पायथ्याशी. शके १२१९ च्या ज्येष्ठ वद्यात त्याने तेथे समाधी घेतली. पौष वद्य एकादशीला गावोगावच्या दिंड्या तेथे येतात आणि ज्येष्ठात त्याची पालखी पंढरपूरला निघते, पायी.